साडूंचं स्टँड

बेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात: बिघडलेल्या आणि लवकरच बिघडणार असलेल्या. काटेकोरांचं तसंच झालं होतं. त्यांना खरं नाव होतं, मंडळाच्या हजेरीच्या वहीत ते नीट लिहिलेलंही होतं, पण त्या नावाने त्यांना फक्त दवाखान्यातली नर्स हाक मारायची. बाकी सगळ्यांसाठी ते काटेकोर. चहात साखर किती विचारलं, तर चमचा सपाट की शिगोशीग ते आधी सांगा, असं म्हणणारे.

मंडळ म्हणजे छोट्या रेल्वेचं मंडळ. लाकडाच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं जोडलेली, आणि त्या टेबलांवर रूळ, बोगदे, पूल, कागदाच्या लगद्याचे डोंगर आणि नखाएवढ्या माणसांनी भरलेली स्टेशनं. दर रविवारी सकाळी वीस-बावीस जण तिथे जमायचे. बहुतेक निवृत्त, बहुतेक घरच्यांना नकोसे झालेले. खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि तिच्यापाशी एक कामाचं टेबल होतं. ते काटेकोरांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. आजारी इंजिनं तिथे यायची आणि बरी होऊन जायची. चाकं बदलण्याचं काम तर त्यांचंच. जुनी चाकं झिजली की ते नव्या चाकांना मधोमध भोक पाडून, आस घालून ती अशी बसवायचे की मंडळात म्हणच पडली होती, ‘चाकं बसवावीत ती काटेकोरांनीच.’

आता या सुखात बिब्बा घातला तो त्यांच्याच साडूंनी. आणि साडूंना मंडळात आणलं कोणी, तर काटेकोरांनीच. म्हणजे दुसऱ्या कोणाला बोल लावायचीही सोय नाही.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचे डॉक्टर. उंच, हसरे, हात मऊ. बायको भाऊजी म्हणते म्हणून तेही काटेकोरांना भाऊजीच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला आणि महिनाभरातच मेहुणी रडकुंडीला आली. ‘भाऊजी, यांना कुठेतरी घेऊन जा हो. दिवसभर माझ्या मागेमागे फिरतात, डबे उघडून बघतात.’ काटेकोरांच्या बायकोने त्याच संध्याकाळी हुकूम सोडला आणि पुढच्या रविवारी डॉक्टर मंडळात दाखल झाले.

काटेकोरांच्या पोटातलं दुखणं मात्र दोन वर्षांचं नव्हतं, चांगलं चौतीस वर्षांचं होतं. धाकटीचं लग्न ठरलं त्या दिवशी सासऱ्यांनी नव्या जावयाला स्वतःची आरामखुर्ची दिली होती. दातांबद्दल दोन प्रश्न विचारले होते आणि उत्तरं मान डोलावून ऐकली होती. मग मोठ्या जावयाकडे वळून म्हणाले होते, ‘तुम्ही आलाच आहात तर ते भिंतीवरचं घड्याळ बघा, पाच मिनिटं मागे पडतंय.’ काटेकोरांनी स्टुलावर चढून घड्याळ बघितलं होतं. दुरुस्तही केलं होतं. त्या स्टुलावरून ते मनाने अजून खाली उतरले नव्हते.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट माणसाचा हेवा करायला सोपं जातं, निदान शिव्या तरी देता येतात. डॉक्टर विनाकारण चांगले होते. मंडळात आल्यापासून ते काटेकोरांच्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे, वहीत टिपून घ्यायचे, ‘वा भाऊजी’ म्हणायचे. कोणी आपले पाय दाबू लागलं की अवघडल्यासारखं होतं, तसं काटेकोरांना त्या ‘वा’चं व्हायचं.

आणि एका रविवारी डॉक्टर टॉवेलात गुंडाळून काहीतरी घेऊन आले.

टॉवेल उलगडला. आत हातभर लांबीचं ॲल्युमिनियमचं स्टँड होतं. दोन समांतर पट्ट्या, त्यांच्यावर पुढेमागे सरकणारे छोटे ठोकळे आणि प्रत्येक ठोकळ्यात शेजारी शेजारी दोन इवलेसे पितळी रोलर. इंजिनाचं प्रत्येक चाक दोन रोलरच्या मधे बसवायचं, पट्ट्यांना वीज द्यायची, की चाकं फिरतात, रोलर फिरतात आणि इंजिन मात्र जागच्या जागी राहतं. रूळ नको, वळणं नकोत, धावत मागे जायला नको. इंजिन नाकासमोर ठेवून वाटेल तितका वेळ पळवा आणि त्याची नाडी बघा. रोलर डॉक्टरांनी स्वतः केले होते, कवळ्यांना झिलई द्यायच्या त्यांच्या जुन्या यंत्रावर.

‘अगं बाई!’ पोस्टातल्या बाई म्हणाल्या. या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या आणि मंडळाच्या चिटणीस. शिक्का मारावा तसं बोलायची त्यांना सवय. ‘पळतंय आणि जातही नाहीये कुठे! अगदी आमच्या सुनेसारखं.’

सगळे हसले. सगळे डॉक्टरांभोवती गोळा झाले. खिडकीजवळच्या टेबलापाशी कोणी उरलं नाही, एका इंजिनाच्या उघड्या पोटाशिवाय. काटेकोर जागचे हलले नाहीत. भिंग डोळ्यावर तसंच ठेवून ते एक स्क्रू घट्ट करत राहिले, जो केव्हाच घट्ट झाला होता.

‘भाऊजी, राणी ठेवू या ना यावर!’ डॉक्टर तिकडून ओरडले.

राणी म्हणजे मंडळाचं सगळ्यात जुनं इंजिन. काळं, वाफेच्या इंजिनासारखं, तीन जोड मोठी चाकं आणि त्यांना जोडणारे चकचकीत दांडे. चार वर्षांपूर्वी तिची सहाही चाकं काटेकोरांनी नवी बसवली होती. राणी स्टँडवर चढली. डॉक्टरांनी वीज हळूच वाढवली. चाकं फिरू लागली, आणि राणी डुलायला लागली. फार नाही. चाकाचा एक फेरा झाला की जरा वर, जरा खाली. लंगडा माणूस लोकांना दिसू नये म्हणून जपून चालतो, तशी.

‘हे काय?’ कोणीतरी म्हणालं.

काटेकोर उठले. चौतीस वर्षांचं भांडवल एका वाक्यात घालायची वेळ आली होती. ‘डॉक्टर, दात आणि रोलर यांत फरक आहे,’ ते म्हणाले. ‘रोलर केसभर वरखाली झाला तरी इंजिन डुलतं. स्टँड वाकडं आहे तुमचं.’

‘असेल, असेल,’ डॉक्टर लगेच म्हणाले आणि वही काढली. ‘केसभर वरखाली... बरोबर. पहिल्यांदाच केलंय ना.’

एवढ्यावर खरं तर प्रकरण मिटायला हवं होतं. पण लोकांना डुलणारं का होईना, नवं खेळणं मिळालं होतं. आपापली इंजिनं घेऊन रांग लागली. काही डुलत होती, काही नव्हती, आणि कोणती डुलतात याचा हिशोब करायचं त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी पोस्टातल्या बाईंनी शिक्का मारला. ‘तीन आठवड्यांनी आपलं प्रदर्शन आहे. राणीला दिवसभर बारा डबे ओढायचेत, तेव्हा अशा स्टँडवर तपासणी झालीच पाहिजे. काटेकोर, तुम्ही म्हणताय हे वाकडं आहे, तर तुम्ही सरळ करून आणा. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी दोन्ही लावून बघू. ज्याचं चांगलं, ते खिडकीपाशी राहील. आणि ज्याचं स्टँड, तो तिथे बसेल. उजेडाचं टेबल एकच आहे.’

कोणी हरकत घेतली नाही. काटेकोरांना वाटलं, निदान एकाने तरी ‘छे, ते टेबल तर यांचंच’ म्हणावं. सगळे चहा पीत होते.

घरी मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली होती. खोली कसली, कपडे वाळत घालायच्या जागेला भिंती घातलेल्या. एका बाजूला बायकोच्या दोऱ्या, दुसऱ्या बाजूला त्यांचा घड्याळजीचा इवलासा लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं यंत्र, ज्यांच्याकडे ते काम शिकले त्या उस्तादांकडून मिळालेला. त्यांनी त्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. डॉक्टरांनी पितळ वापरलं, तर हे पोलाद वापरणार. डॉक्टरांचे ठोकळे हाताने सरकतात, तर यांचे स्क्रूने सरकणार आणि त्या स्क्रूला मापाची पट्टी असणार. बारा रोलरच्या जागी त्यांनी बारा बॉल बेअरिंग घेतली, त्यातलं कंपनीचं ग्रीस धुऊन काढलं, कारण ग्रीसमधून वीज नीट जात नाही, आणि सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल एकेक थेंब दिलं. डाव्या पट्टीची वीज उजवीला कळता कामा नये म्हणून मधे प्लास्टिकच्या चकत्या बसवल्या. तीनदा उघडून तीनदा बसवल्या.

‘जळका वास येतोय,’ बायको दारात येऊन म्हणाली. ‘डागकामाचा आहे की तुमचा?’

‘अगं, काम करतोय मी.’

‘तेच म्हणतेय. इतकं काम तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं.’ तिने दोरीवरची उशीची खोळ काढली. ‘धाकटी सांगत होती, हे म्हणतात, भाऊजींनी स्टँड केलं तर बघण्यासारखं होईल. कौतुक करतात हो ते तुमचं.’

‘कौतुक करायला काय जातं? ज्याच्याकडे सगळं असतं, त्याला कौतुक फुकट पडतं.’

बायकोने उशीची खोळ झटकली आणि गेली.

आठव्या दिवशी स्टँड तयार झालं. काटेकोरांनी राणीला मंडळातून मागून आणलं होतं. तिला चढवलं, स्क्रू फिरवून ठोकळे तिच्या चाकांखाली आणले, वीज दिली.

राणी डुलली.

त्यांनी वीज बंद केली. स्टँडखाली पातळी बघायची नळी ठेवली. बुडबुडा मधोमध. पुन्हा वीज. पुन्हा डुलली, तेवढीच, तशीच. मग त्यांनी डायल गेज काढलं. केसाच्या दहाव्या हिश्शाची उंचसखलताही ज्याचा काटा दाखवतो ते. एकेका रोलरवर त्याचं टोक टेकवून बघितलं. काटा हलला नाही. बाराही रोलर एका पातळीत. हयातीत इतकं सरळ काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. मग सहज, म्हणजे माणूस जे करायला भितो ते सहज म्हणूनच करतो तसं, त्यांनी गेजचं टोक राणीच्या चाकाच्या कडेला लावलं आणि चाक बोटाने फिरवलं.

काटा गेला, आला. गेला, आला.

आयुष्यभर त्यांनी काट्यांवर विश्वास ठेवला होता, माणसांवर नाही. आता काटाच फितूर झाला होता. कपाटात वरती एक इंजिन पडलं होतं, लेकीच्या नवऱ्याने दुकानातून आणून दिलेलं. त्याला ते ‘डबडं’ म्हणायचे आणि त्याचं झाकणही त्यांनी कधी उघडलं नव्हतं. ते काढून स्टँडवर ठेवलं. डबडं असं धावलं की त्याच्या पाठीवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता.

म्हणजे खोट चाकांत होती. चाकं त्यांनी बसवली होती. ते लेथकडे गेले. उस्तादांच्या लेथची पकड, जिच्यात चाक धरून त्याला भोक पाडायचं ती, एका बाजूने झिजली होती. किती वर्षं, देव जाणे. चाकाचं भोक मधोमध पडतच नव्हतं, केसभर बाजूला पडत होतं. रुळावर ते कळत नाही, कारण इंजिन डुलेपर्यंत पुढे निघून गेलेलं असतं. त्यांनी बोटांवर मोजलं. मंडळातल्या अकरा इंजिनांची चाकं त्यांच्या हातची होती. आणि त्या रविवारी डॉक्टरांच्या स्टँडवर कोणती इंजिनं डुलत होती ते आता एकेक करून आठवलं. तीच. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यात अंगण दुसऱ्याचं होतं, आणि ते सरळ होतं.

डॉक्टरांचं स्टँड सरळ होतं. चाकं चुकली याच्या आधी काटेकोरांच्या काळजात घुसलं ते हे. दातवाल्याने, कवळ्या घासायच्या यंत्रावर, पहिल्याच फटक्यात.

आता भला माणूस असता तर काय केलं असतं? नवी पकड आणली असती, चाकं पुन्हा केली असती, मंडळात जाऊन चार शब्द बोलला असता. काटेकोर काही वाईट नव्हते. त्यांनी हे सगळं मनात करून बघितलं. मनात ते मंडळात गेले, बोलले, सगळ्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. इथवर ठीक होतं. मग मनातल्या पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, बसा खिडकीपाशी,’ आणि डॉक्टर बसले, आणि ती आरामखुर्ची झाली. काटेकोर ताडकन उठले आणि बायकोची शेकायची रबरी पिशवी शोधू लागले.

रबराचे बारीक तुकडे कापून त्यांनी प्रत्येक ठोकळ्याखाली एकेक घातला. चाक वर जाईल तेवढा ठोकळा खाली दबेल, चाक खाली येईल तेव्हा वर येईल. इंजिनाचं लंगडणं रबर गिळेल आणि वरून काही दिसणार नाही. रबरामुळे वीज तुटली, तर त्यांनी प्रत्येक ठोकळ्याला केसासारखी बारीक तार जोडून दिली, आतल्या बाजूने, दिसणार नाही अशी. तारांच्या दोन्ही टोकांना मिळून बारा डाग, एकही मोठा नाही. खरं सांगायचं तर त्या सबंध स्टँडमधलं सगळ्यात सुरेख काम ते हेच होतं.

राणी चढली. वीज दिली. राणी लोण्यासारखी चालली.

‘माझी शेकायची पिशवी कुठाय?’ बायकोने दोन दिवसांनी विचारलं.

‘फुटली,’ काटेकोर म्हणाले.

ठरलेल्या रविवारी दोन्ही स्टँडं शेजारी शेजारी लागली. आधी डॉक्टरांचं. गेल्या दोन आठवड्यांत त्यांनी रोलर पुन्हा पुन्हा जुळवले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. राणी चढली आणि डुलली. डॉक्टरांचा चेहरा पडला. ‘अजून आहेच का,’ ते स्वतःशीच म्हणाले. मग काटेकोरांचं. राणी स्थिर, दांडे तेवढे लखलखत खालीवर होताहेत. खोलीत कौतुकाचा असा आवाज झाला की खालच्या वखारीतला माणूस काय झालं बघायला जिन्यावर आला.

पहिली टाळी डॉक्टरांनी वाजवली. खोटी नाही, अगदी मनापासून. ‘हे बघा!’ ते सगळ्यांना सांगत होते. ‘हात म्हणतात तो हा!’

काटेकोर जिंकले होते. टेबल राहिलं, खुर्ची राहिली, म्हण राहिली. आणि तरी छातीत काहीतरी खुपतच होतं, कारण हरल्यावरही तो माणूस खोलीतला सगळ्यात सुखी दिसत होता. यांना जिंकून जे जमत नव्हतं, ते त्याला हरून जमत होतं. त्याच्या हरण्याचाही काटेकोरांना हेवा वाटला.

‘भाऊजी, माझ्या रोलरचं नेमकं कुठे चुकलंय?’ टॉवेल गुंडाळताना डॉक्टरांनी विचारलं.

‘घरी निवांत बघा. सापडेल,’ काटेकोर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बुधवारी दुपारी बायकोला बहिणीकडे जायचं होतं. काटेकोर सहसा टाळायचे, पण टाळायला त्या दिवशी काही निमित्त सुचलं नाही. मेहुणीने दार उघडलं ते तक्रार करतच.

‘आलात भाऊजी? बघा आत जाऊन काय मांडलंय ते. तीन दिवस झाले, जेवताना समोर काय वाढलंय याचंसुद्धा भान नाही. काल कानाला लावायचं मलम दाताला लावलं, आणि म्हणे मी दातांचा डॉक्टर.’

जुन्या दवाखान्याची खोली अजून तशीच होती. मागे रेलणारी मोठी खुर्ची, तिच्यावरचा गोल दिवा, चिमटे-आरशांची ताटली. ताटलीत आता चिमटे नव्हते, स्टँड सुटं करून ठेवलं होतं. डॉक्टर रुग्णाच्या खुर्चीवर अवघडून बसले होते, दिवा डोक्यावर ओढून घेतलेला, डाव्या हातात एक पितळी रोलर आणि उजव्या हातात कानस. शेजारी उघड्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘भाऊजी: रोलर केसभर वरखाली झाला तरी इंजिन डुलतं.’ त्याच्याखाली दोन रेघा.

‘या या, बरे आलात!’ डॉक्टरांचा चेहरा उजळला. ‘मापात तर मला फरक सापडत नाही हो. सगळे सारखे येतात. पण तुम्ही म्हणालात म्हणजे आहेच. माझं मापच चुकत असणार. म्हणून म्हटलं, आता हातानेच एकेक घासून बघतो. दोन झाले.’

काटेकोरांनी ताटलीतले ते दोन रोलर उचलले. वाटोळेपणा गेला होता. एकाला तर चक्क सपाट बाजू आली होती. बाकीचे दहा शेजारी ओळीने ठेवले होते, आरशासारखे. त्यांनी त्यातला एक चिमटीत धरून दिव्यासमोर फिरवला. बेचाळीस वर्षांच्या डोळ्याला गेज लागत नाही. रोलर नाण्यासारखा खरा होता.

‘या वयात इतकं डोकं लावायची गरज नाही, असं ही म्हणते,’ डॉक्टर कानस पुसत म्हणाले. ‘पण तुम्हाला म्हणून सांगतो. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात काम केलं. तोंड मिटलं की काम झाकलं. कोणी बघायला नाही. तुमच्या शेजारी बसून एक काम असं करावं, की तुम्ही बघून म्हणावं, ठीक आहे. बस, एवढंच.’

आणि त्यांनी तिसरा रोलर उचलून त्यावर कानस टेकवली.

काटेकोरांना त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर दया नव्हे. पश्चात्ताप म्हणावा तर तोही नंतर आला. चांगलं काम डोळ्यांसमोर मरताना बघवेना, एवढंच खरं. असा रोलर आपण घासू दिला, तर आपण कसले घड्याळजी?

‘थांबा,’ ते म्हणाले.

कानस थांबली.

‘घासू नका. रोलर बरोबर आहेत.’

‘पण राणी...’

‘राणी लंगडते. तिची चाकं मी बसवली. माझ्या लेथची पकड झिजलीय, भोक केसभर बाजूला पडतं. अकरा इंजिनांचं तसंच झालंय.’ आता थांबता येत नव्हतं, बरणी कलंडली की सगळं तेल सांडतं. ‘माझ्या स्टँडखाली रबर घातलंय मी. तुमच्या मेहुणीबाईंची शेकायची पिशवी कापून. लंगडणं दिसू नये म्हणून. तुमचं स्टँड पहिल्या दिवसापासून सरळ होतं आणि मला ते रविवारच्या आधीच कळलं होतं.’

काटेकोर पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. शिवी आली असती तर घेतली असती. ‘जाऊ द्या हो भाऊजी’ आलं असतं, तर ते सहन करायला जड गेलं असतं, पण त्याचीही तयारी त्यांनी केली होती.

‘म्हणजे,’ डॉक्टर हळूच म्हणाले, ‘माझं बरोबर होतं?’

‘हो.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून.’

‘अगं!’ डॉक्टर खुर्चीवरून उठले, दिवा डोक्याला लागला, तो ढकलून ते दाराशी धावले. ‘अगं ऐकलंस का! माझं स्टँड सरळ होतं! भाऊजी म्हणाले! पहिल्यापासून सरळ होतं!’ आतून मेहुणीचं ‘बरं झालं, आता जेवा’ ऐकू आलं. ते परत आले, उरलेले दहा रोलर ओंजळीत घेतले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस पहिला नंबर आल्यासारखा त्यांच्याकडे बघू लागला. रबराचं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. फसवणूक, टेबल, टाळ्या, कशाचंच काही नव्हतं. या सगळ्या आनंदात काटेकोर कुठेच नव्हते, आणि आयुष्यातली सगळ्यात कठीण गोष्ट करून झाल्यावरसुद्धा त्यांच्या पोटात ती जुनी कळ आली. आपल्याला असा आनंद कधी झाला होता, ते आठवेना.

मग डॉक्टर एकदम गंभीर झाले.

‘पण भाऊजी, रविवारी हे मंडळात कोण सांगणार? मी सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. म्हणतील, हरला म्हणून बोलतोय.’ त्यांनी ओंजळ जरा जवळ घेतली. ‘तुम्ही सांगितलं तरच पटेल. चाकांच्या बाबतीत तिथे तुमच्याशिवाय दुसऱ्याचा शब्द चालत नाही. सांगाल ना तुम्ही?’

दारात काटेकोरांची बायको येऊन उभी होती. केव्हापासून, कोणास ठाऊक.

काटेकोरांनी ताटलीतले ते दोन बिघडलेले रोलर उचलून खिशात टाकले. ‘हे दोन मी करून देतो,’ ते म्हणाले. ‘नवी पकड आणल्यावर.’ आणि मग, कारण डॉक्टर अजून उत्तराची वाट बघत होते, ‘सांगतो. रविवारी मीच सांगतो.’